अप्पाच्या तीन रेघा

लातूर, सोमवार, संध्याकाळ

अप्पाच्या वीजमीटरच्या कारखान्याचं चिन्ह म्हणजे तीन आडव्या रेघा. विभूतीत बोटं बुडवून त्यानंच त्या कागदावर ओढल्या होत्या. आता त्याच्या मुलानं पुण्याहून नवं चिन्ह करून आणलंय. रेघा वाकवून नेटवर्कच्या लाटा केल्या. मला म्हणाला, "काका, अप्पांना तुम्हीच पटवा. तुमच्यासारखं कोण बोलणार?"

मी अप्पाचा जुना मित्र, देव न मानणारा, जन्मभर सभा गाजवलेला मास्तर. अप्पाच्या खाटेजवळ बसलो आणि तोंडच उघडेना. संताप तर मुलाचा आला होता. मग अप्पासमोर गप्प का बसलो? त्या तीन रेघा माझ्या कोण लागतात?

अप्पानं नव्या चिन्हाचा कागद पाहिला. अर्धांगापासून त्याचा उजवा हात हलत नाही.

"मास्तर, आज भाषण न्हाई का?"

"नाही."

"मग विभूती तरी लाव. रोज सून लावती, आज तू लाव."

मी कधी कुणाला लावली नव्हती. तीन रेघा ओढताना बोटं सरळ जाईनात. अप्पानं आरसा मागितला, कपाळ निरखलं.

"तू बी वाकड्याच काढल्यास की," म्हणाला. "ऱ्हाऊ दे. पोराला सांग, त्या लाटा छाप म्हणावं."