दम धर

सर, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली. गेलेल्या माणसावर चिडून उपयोग नसतो, हे मला कळतं. तरी मी चिडलोय, आणि आज सगळं लिहूनच उठणार आहे.

किनवटच्या वसतिगृहात आलो तेव्हा मला मराठी जेमतेम यायचं. आमचं गाव धर्माबादजवळ, घरात तेलुगू. तुम्ही खेळाचे सर. मैदानाच्या चार फेऱ्या म्हणजे एक मैल, असा तुमचा हिशेब. पहिल्याच आठवड्यात मी मोठ्या पोरांना मागे टाकलं म्हणून तुम्ही मला कॅनव्हासचे बूट दिलेत, आयुष्यातले पहिले. मग शर्यतीसाठी निवडीचा दिवस. मी सुरुवातीलाच सुसाट सुटलोय आणि तुम्ही कडेनं सायकल हाणत ओरडताय, "दम धर! अरे, दम धर!" 'धर' मला ठाऊक होतं. दम म्हणजे श्वास, आमच्या तेलुगूतही दम्मूच. मी श्वास धरला. तुम्ही पुन्हा ओरडलात, मी आणखी घट्ट धरला. तिसऱ्या फेरीत डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी तोंडावर आपटलो. तुम्ही जवळ आलात, पाणीसुद्धा विचारलं नाहीत. सगळ्या पोरांसमोर म्हणालात, "छातीच कच्ची हाय ह्याची. ह्याचं काम न्हाई हे." आणि मी पडलेलो असतानाच माझ्या पायातले बूट काढून घेतलेत. त्यानंतर मी पळणाऱ्यांच्या चपला सांभाळत बसायचो.

खरं कळलं ते पुढच्या वर्षी, स्वयंपाकघरात. भाकरीसाठी ताटं वाजवणाऱ्या पोरांना मावशी म्हणाल्या, "दम धरा की रे जरा, भाजूनच राहिले न मी." पोरं गुमान बसली. श्वास कुणीच रोखला नाही. मी ताट टाकून तुमच्या खोलीकडे धावलो आणि तोडक्यामोडक्या मराठीत सगळं सांगितलं. तुम्ही पेपरातून मान वर न काढता म्हणालात, "वर्षभर बसून हेच कारण शोधलंस व्हय?" तुम्ही मला चुकीचं समजलात, ते मी एक वेळ सोडून देईन. पण मी सांगायला आलो होतो, सर. तुम्ही मला फक्त एकदा पुन्हा मैदानावर उभं करायचं होतं. तेवढंही तुमच्याच्यानं झालं नाही. कच्च्या छातीचा म्हणून मी पुढे जिना चढतानाही घाबरलो. बरोबरीची पोरं पोलिस भरतीला गेली, मी त्या वाटेलाही गेलो नाही.

आता लातूरला असतो, पन्नाशी आलीय. मागे एका तपासणीत डॉक्टर सहज म्हणाले, छाती एकदम ठणठणीत आहे. दवाखान्याच्या पायरीवर बसून मी रडलो, निव्वळ रागानं. दुसऱ्या दिवशी बूट घेतले आणि भरतीची तयारी करणाऱ्या पोरांत जाऊन उभा राहिलो. त्यांना शिकवणारी मुलगी माझ्या लेकीच्या वयाची. काही दिवसांनी तिनं मला अडवलं. "काका, तिसऱ्या फेरीला तुमी श्वासच घेईनात की! तोंड उघडा, सोडा मोकळा." तिचं खरं होतं. तिसरी फेरी आली की माझं तोंड आपोआप मिटायचं. म्हणजे इतकी वर्षं मी तुमचंच ऐकत होतो. श्वास घ्यायला शिकण्यात माझा अख्खा हिवाळा गेला, लहान लेकरासारखं, तिच्या टाळ्यांवर आत-बाहेर, आत-बाहेर.

गेल्या रविवारी माझा मैल सात मिनिटांच्या आत आला. पोरांपुढे ते काहीच नाही, पण कच्च्या छातीच्या माणसाला जमायचं नाही.

हे पत्र कुठं टाकणार? राहील इथंच, कपाटात. एकच सांगायचं राहिलं, आणि त्याचा मला सगळ्यात जास्त संताप येतो. रेषा ओलांडून मी गुडघ्यांवर हात टेकले, पोरं ओरडत होती, ती मुलगी पाठ थोपटत होती, आणि माझी नजर कडेला उभ्या असलेल्या माणसांत तुम्हाला शोधत होती.