कुलूप लावलेलं घर

चारठाणा,
दि. १५ मे २०२५

चि. सौ. उत्तरास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

फोनवर मला काही ऐकू येत नाही आणि तू ओरडून ओरडून घसा बसवून घेतेस, म्हणून पत्रच बरं. परवा पहाटे गावात वावधान सुटलं. आपल्या माजघरावरचे पत्रे उडाले, आढं मोडून खाली आलं आणि मागची भिंत अर्धी बसली. घर बंदच होतं, तेव्हा माणसाला काही इजा नाही.

तुझी आई शिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी गेली, पंचकात गेली, म्हणून गुरुजींनी सहा महिने घर सोडायला सांगितलं. तेव्हा तू माझ्याशी केवढी भांडली होतीस. आता बघ, घर रिकामं होतं म्हणून निभावलं, असं तुझी केशरकाकू म्हणते. माझं जेवण बन्सीधरकडे आणि निजणं देवळाच्या ओवरीत, हे चालूच आहे. बन्सीधर भाऊ म्हणून कमी आणि पहारेकरी म्हणून जास्त वागतो, ताटातलं टाकू देत नाही.

त्यांच्याकडे मात्र उदास आहे. सुनेचं, निकिताचं, बाळ चैत्रात जन्मतःच गेलं, तेव्हापासून पोर भिंतीकडे तोंड करून पडून असते. केशरचं म्हणणं, पंचकात गेलेलं माणूस मागून आणखी कोणाला ओढून नेतं. भावजींनी घर सोडण्याचा नेम पाळला म्हणून बाळावर भागलं, नाहीतर सूनही हाती लागली नसती.

गेल्या वर्षी तू घराचा विमा उतरवलास तेव्हा घराला काय ताप येतो का म्हणून मी हसलो होतो. आता त्यातून काही होतं का बघ. छत झालं तर गणपतीत परत राहायला जाता येईल. त्या घरात परत जायचं, याखेरीज मला आता काही नको. अक्षर वाकडं आलंय, ओवरीच्या पायरीवरून घसरलो, उजवा खांदा दुखतो.

जावईबापूंना नमस्कार, भक्तीला गोड पापा. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझे दादा

नाशिक,
दि. २३ मे २०२५

ती. दादांस,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. लगेच विमा कंपनीत फोन केला. तिथल्या बाई बोलायला चांगल्या होत्या. पडझडीचे फोटो पाठवा, पंचनामा करून घ्या, मग आमचा माणूस पाहणीला येईल, म्हणाल्या. आणि शेवटी हळूच सांगितलं की घर महिन्यावर बंद असेल आणि कंपनीला तसं कळवलेलं नसेल, तर भरपाई मिळत नाही. मी त्यांना विचारून सांगते म्हटलं आणि फोन ठेवला.

खरं सांगते, दादा, खोटं लिहायचं मी ठरवलंच होतं. वडील घरातच राहत होते, असं लिहिलं तर कोण तपासायला बसलंय. मग शेजारच्या महारुद्रनं पाठवलेले फोटो मोठे करून पाहिले. मोडक्या आढ्याखाली खाट आहे. खाटेवर आईची गोधडी. उशाशी तुमचा तांब्या आणि चष्म्याचं घर. शिवरात्रीपासून कुलूप लावलेल्या घरात अंथरूण कुणाचं? आणि ओवरीच्या पायरीला इतकी वर्षं कोणी घसरलेलं मी ऐकलं नाही.

तुम्ही त्या बंद घरात निजत होता याचा मला राग नाही. तुमच्या अंगावर आढं पडलं आणि तुम्ही मला पत्र्यांची बातमी कळवलीत, याचा आहे. दोन दिवस मी घरात सगळ्यांवर खेकसत होते. भक्तीनं विचारलं की आजोबांनी काय केलं, तर तिला खेळायला पिटाळलं.

पण आता खोटं लिहायची गरजच उरली नाही. तुम्ही घरात राहत होता हेच खरं आहे. पंचनाम्यात तेवढं लिहून द्या, शेजारी आणि भाऊ म्हणून महारुद्र आणि काका सही करतील. भरपाई मिळाली नाही तर सध्या आमच्याच्यानं छत होणार नाही, आणि छताशिवाय मी तुम्हाला पावसाळ्यात तिथं ठेवणार नाही. काकूंच्या बोलण्याचं मनावर घेऊ नका. बाळाच्या गळ्याभोवती नाळ अडकली होती, डॉक्टरांनी सगळ्यांसमोर सांगितलं आहे.

खांदा दाखवून घ्या. काकांना नमस्कार. मुलीवर रागावा, पण तिच्यापासून लपवू नका.

तुमची
उत्तरा

चारठाणा,
दि. ३१ मे २०२५

चि. सौ. उत्तरास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तू पाहिलंस ते खरं आहे. महारुद्रनंच मला आढ्याखालून ओढून काढलं. खांदा निखळला नाही, मुका मार आहे. तो कोणाला बोलणार नाही. फोटो काढल्यावर खाट आणि गोधडी त्यानं पत्र्यांखाली झाकून ठेवली.

पहिल्या रात्री ओवरीत निजलो, पण तुझी आई, माझी लीला, त्या घरात एकटी आहे असंच वाटत राहिलं. तिला अंधाराची भीती वाटायची, तुला माहीत आहे. मग रोजच जाऊ लागलो. दिवा लावत नसे. उजाडायच्या आत देवळात येऊन बसायचो. मनात आणखीही एक होतं. कोणाला न्यायचंच असेल तर त्या घरात मी सापडावा, धाकट्यांपर्यंत जाऊ नये. मी शाळेत विज्ञान शिकवलं आणि हे असं मनात आणलं, हस हवं तर.

नाळेचं मला कळतं. पण पंचनाम्यावर बन्सीधर सही करणार म्हणजे केशरला कळणार, आणि केशरला एवढंच कळेल की भावजींनी नेम मोडला आणि आपल्या घरचं बाळ गेलं. ती भांडेल, ते मी ऐकून घेईन, तसंही मला ऐकू येत नाही. पण निकिताचं काय? तिनं माझ्या ताटात भाकरी वाढायची आणि या माणसामुळं माझं लेकरू गेलं, असं रोज मनात आणायचं. डॉक्टरांचं बोलणं तिच्यापाशी किती दिवस टिकेल?

परवा केशर तिला पडझड दाखवायला घेऊन आली. उंबऱ्याच्या आत दोघी आल्या नाहीत. केशर तिच्या पाठीवरून हात फिरवून सांगत होती की बघ पोरी, घरानं समदं आपल्यावर घेतलं, आता आपल्यातलं कोन्ही जायचं न्हाई. निकिता किती तरी वेळ त्या मोडक्या भिंतीकडे बघत उभी होती. घरी गेल्यावर तिनं डोक्याला तेल लावून घेतलं. काल पहिल्यांदा आमच्या पंगतीला जेवायला बसली.

मला घर पाहिजे होतं, ते अजूनही पाहिजे. पण तू दावा करू नकोस. पडलेलंच राहू दे. मी नाशिकला येतो. तुमच्या चौथ्या मजल्यावर मला करमणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

खूप मनाला लावून घेऊ नकोस. या म्हाताऱ्याचा लळा सोडू नकोस.

तुझे दादा

नाशिक,
दि. ८ जून २०२५

ती. दादांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून तुमच्याशी खूप भांडावंसं वाटलं, पण तुमचंच ऐकलं. काल कंपनीतल्या बाईंना फोन करून सांगितलं की आई गेल्यापासून घर बंदच होतं, आत कोणीही राहत नव्हतं. त्यांना वाईट वाटलं. आधी कळवायला हवं होतं, म्हणाल्या. मी हो म्हटलं. तर खोटं मीच बोलले, दादा, आणि ते आपलं छत घालवायला बोलले.

येत्या रविवारी तुम्हाला न्यायला येते. भक्तीनं खिडकीजवळची जागा तुमच्यासाठी सोडली आहे. काकूंना मी बोलणार नाही, भिऊ नका. निकितासाठी दोन साड्या आणते.

तुमचे कपडे, औषधं, चष्मा, सगळं बांधून ठेवा. आईची गोधडी मात्र घेऊ नका. बंद घरातली वस्तू सहा महिने कोणी बाहेर काढत नाही, आणि ती गोधडी शिवायला काकूही बसल्या होत्या, लांबूनसुद्धा ओळखतील. पत्र्यांखालीच राहू द्या. पावसात ती कुजेल, मला माहीत आहे.

जपून असा, आणि मला परकी समजू नका.

तुमची
उत्तरा