बायोलॉजीची सुपारी

येरमाळा,
मंगळवार, दुपार

तीर्थरूप बिभीषणमामा यांच्या पायावर भाचा शिवशंकर याचं डोकं, आडवं, नाक घासून. तुमची कंबर कशी हाय? मामीचं गुडघं उतरलं का? म्हैस अजून लाथा मारती का? (ह्यो प्रश्न मामीच्या मागं लगीच आला म्हणून मामीला वाचून दाखवू नका.) इकडं समदे खुशाल हायत, एक मला सोडून. पत्र आलं म्हणून कुणी वारलं असं समजू नका. आजोबा असून आबांनी माझा मोबाईल ज्वारीच्या कणगीत टाकलाय. डॉक्टर व्हणाऱ्या पोराला मोबाईल चालत न्हाय म्हणं. चार्जिंग होतं तवर त्यो आतनं वाजायचा अन् उंदरं बाहीर पळायची, आता तेबी बंद. म्हणून ह्यो कागद.

तर मामा, दहावीचा निकाल तुमाला कळलाच असंल. गणितात बरा हाय, पण सायन्सच्या ज्या भागात जीवजंतू असतात तिथं काठावर सुटलो. (हृदयाची आकृती काढा म्हणले तर म्या आमच्या हॉटेलच्या गल्ल्याची काढली. कप्पे बरोबर चारच व्हते, पण तपासणाराला पटलं न्हाय.) आता अशा पोराला अकरावीला बायोलॉजी द्यावी का, हे आमच्या कुत्र्यानंबी सांगितलं असतं. पण बाप हाय आण्णा, त्याच्या डोक्यात एकच, पोरगं डॉक्टर. हायवेला आपल्या हॉटेलाशेजारी ज्या दिवशी त्यो दवाखाना निघाला, त्या दिवसापास्नं माणूस भजी तळताना बी त्या पाटीकडंच बघतो. पाटीवरचं 'डॉ.' बघून भज्यांचे तीन घाणे जळाले. आता त्यानं मापं बी काढल्यात. पुढं चहाचं काऊंटर हाय तिथं पेशंट बसणार, माठाजागी औषधं, अन् मटकी भिजवायच्या खोलीत मी. मी मटकीच्या खोलीत स्टेथोस्कोप घालून बसलोय असं मला सपनात बी दिसाया लागलंय.

मला काय पायजे ते तुमाला सांगतो, कारण घरात कुणी इचारलंच न्हाय. आपल्या इथल्याच कॉलेजात सायन्सला इलेक्ट्रॉनिक्स हाय. ते घेतलं की बायोलॉजी सुटती, अन् तारा, बटनं, तारांना डाग मारायची सोल्डरिंग गन, समदं कॉलेजच्या खर्चानं हातात येतंय. म्या आईला चुलीपाशी बटन बसवून दिलंय, दाबलं की परसातल्या हौदाची मोटर चालू. पाऊस असू, चिखल असू, आईला बाहीर पाय टाकायचं काम न्हाय. हॉटेलातल्या एका खुर्चीखाली बी बेल बसवली व्हती, चहा पिऊन झाल्यावर कुणी उगं बसून राहिलं की ठणाणा वाजायची. (पहिलं गिऱ्हाईक आबाच सापडले. चार माणसं मधी पडली म्हणून वाचलो. आबा आजून त्या खुर्चीवर बसायच्या आधी खाली वाकून बघतात.)

आमच्या वर्गातल्या प्रसेनजितच्या घरी ह्येच काम कसं झालं बघा. त्याचे वडील मच्छिंद्रकाका पोस्टातनं घरी आले, पायातल्या चपला काढता काढता म्हणले, "काय घ्यायचं ठरवलंस?" ह्यो म्हणला, "गणित बी, बायोलॉजी बी." काका म्हणले, "झेपंल का?" ह्यो म्हणला, "झेपंल." झालं. चपला काढून व्हायच्या आत अकरावी ठरली! आमच्या घरी मातर आबा म्हणले, पोराच्या जल्माचा प्रश्न हाय, रीतीनं बैठक बसली पायजे. आता बैठक आमच्या घरी एकाच कामाला बसती, लगीन जुळवाया, ते तुमाला ठाऊक हाय. जाजम पडलं, कांदेपवं आले, आबांनी ठेवणीतला फेटा काढला. पोरीकडचं माणूस म्हणून लातूरच्या एका क्लासचे सर आले. हातात चकचकीत कागद, त्यावर पांढऱ्या कोटातली पोरं. एकाच पोराचा फोटो दोन नावांनी छापलेला मला दिसला, पण मला बोलायची परवानगी नव्हती. नवरदेवानं बैठकीत बोलायचं नसतंय.

आबांनी रीतीनंच सुरू केलं. "बायोलॉजी म्हंजे घराणं कसं म्हणायचं?" सर जरा गडबडले, पण धंद्याचा माणूस. म्हणले, "एकदम खानदानी, आबा. डॉक्टरचंच घराणं." आबा म्हणले, "खर्चिक हाय का?" सर म्हणले, "सुरवातीला थोडी." आबांनी गणिताची बी चवकशी केली, तर सर म्हणले, गणिताची पोरं समदी पुण्याला जाऊन दोन खोल्यांत आठ राहतात. तिथंच गणित बाद. फिजिक्स अन् केमिस्ट्रीचं कुणी काय इचारलंच न्हाय, कारण त्या करवल्या, कुठल्याबी वरातीत येणारच. मग सर म्हणले, चारी विषय घेतले तर दोन्ही दारं उघडी राहतात. त्यावर आण्णा पैल्यांदा शहाण्यासारखा बोलला, "दोन दारांच्या हॉटेलात गिऱ्हाईक चहा पिऊन मागल्या दारानं जातंय, सर." अन् लातूरचा कारभार कसा? पहाटं उठायचं, मोबाईल कुलपात, घरी यायचं सणाला, अन् कॉलेजात नाव नुसतं कागदावर. आण्णाचं डोळं भरून आलं. सुखानं!

आता माझा डाव ऐका. आबा माळकरी. घरात अंडं फुटलं तरी दोन दिवस जेवत न्हाईत. म्हणून म्या हौदातला एक भला दांडगा बेडूक धरून पितळी पानाच्या डब्यात घातला. हिशोब असा की सर पान लावाया डबा उघडणार, बेडूक निघणार, अन् मी उठून म्हणणार, "आबा, बायोलॉजीत ह्येलाच जित्ता चिरत्यात." खलास. आबा फेटा झटकून उठणार, बैठक मोडणार.

आईनं डबा आणून येडाई देवीच्या फोटोपुढं ठेवला. सरांनी झाकण काढलं. बेडूक निघाला त्यो थेट सरांच्या छातीवर. सर 'आई गं' करून बाजंवर चढले. (शिकवतात बायोलॉजी!) तिथनं बेडकानं जी उडी घेतली ती येडाईच्या फोटोच्या उजव्या अंगाला, बरोबर फुलाशेजारी, अन् बसला गळा फुगवून. आता तुमाला आमच्या घरातली रीत ठाऊक हाय. देवीच्या उजव्या अंगाला फूल पडलं की व्हय, डाव्या अंगाला पडलं की न्हाय. म्हैस इकायची बी आमी अशीच ठरवतो. आबांनी दोन्ही हात जोडले. "उजवी दिली! येडाईनं उजवी दिली! बायोलॉजीचं जनावर पाठवून दिली!" मी वरडलो, "आबा, त्येला चिरत्यात!" तर सर बाजंवरनं, "छे छे, ते केव्हाच बंद झालं. आता सगळं चित्रात दाखवतात." माझा हुकमी पत्ता बी त्या माणसानं बाजंवर उभा राहून खाल्ला. आबांनी अडकित्ता मागितला अन् सुपारी फोडली. आण्णानं सरांना मानाची टोपी घातली. मामा, सुपारी फुटली! आता जीभ सडली तरी आबा शब्द मागं घेणार न्हाईत. बेडकाला आईनं हौदात सोडलं, त्यो मोकळा झाला अन् मी अडकलो.

तर असं हाय. बाकी काय लिहू. मामीला नमस्कार, म्हशीला लांबूनच.

तुमचा व्हणारा (देवाशपथ न्हाय) डॉक्टर,
शिवशंकर

ता. क. : आता मुद्द्याचं. बैठकीला तुमी नव्हता. भाच्याची सुपारी फुटली अन् सख्ख्या मामाला आवतन न्हाय, असं कुठं व्हतं का? मामाचा मान ऱ्हायला की फुटल्याली सुपारी बी कच्ची, हे आबाच प्रत्येक लग्नात सांगतात. तर मामा, हात जोडतो, तुमी रुसा. भाड्याची जीप करून या, उंबऱ्यातच बसा, पाण्याला हात लावू नका. आबा काकुळतीला आले की म्हणा, "इलेक्ट्रॉनिक्स देत असाल तर आत येतो."

ता. क. दुसरा : आई पुरणपोळी करणार. तुमाला तिचा वास सहन व्हत न्हाय हे मला ठाऊक हाय, दिवाळीत एका पोळीवर तुमचा रुसवा उतरला व्हता. म्हणून येताना पोटभर जेवून या. पत्र प्रसेनजितच्या हाती देतोय, त्यो त्याच्या मावशीकडं तुमच्या ढोकीला निघालाय.

बिभीषण, पाकीट कणकीनं चिकटवाया ह्यानं माझ्याकडं दिलं म्हणून वाचलं. ये, पण विषयाचं नाव काढू नको, मागणी बी करू नको. नुसता उंबऱ्यात बस अन् शनिवार मावळंपतोर रुसवा उतरू देऊ नको. शनिवारपतोर पैसे भरले न्हाईत तर लातूरची जागा दुसऱ्याला जाती. इथलं कॉलेज कुठं पळून चाललंय, तिथं जागा दिवाळीला बी मिळती. पोळ्या मी तुझ्यापुढं आणणारच न्हाय. पोरगं लातूरला गेलं तर चुलीपाशी बसून बटन दाबायचं कुणाच्या जिवावर, ते बंद पडलं की नीट करणारा एकच हाय. अन् बेडूक डब्यात हाय हे मला उचलतानाच कळलं व्हतं, डबा हालत व्हता. म्याच झाकण किलकिलं करून बेडकाचं तोंड देवीच्या डाव्या अंगाला करून ठेवलं व्हतं. बेडकानं माझं ऐकलं न्हाय, तू तरी ऐक.

तुझी द्वारकाक्का