दीड मिनिटाची साक्ष

१४ ऑक्टोबर

प्रिय धाकट्या,

प्रभूच्या नावाने सलाम. तू आणि वहिनी बरे असाल. माझं ठीक चाललंय. दुकानात नवं मशीन आलंय. चष्म्याच्या काचा आता तेच घासतं, मी नुसत्या फ्रेममध्ये बसवते. पाठ जरा कमी दुखते.

परवा एक आजी आल्या होत्या. काच बसेपर्यंत मोबाइलवर तुझं रोजचं दोन मिनिटांचं बायबल-वचन बघत होत्या. म्हणाल्या, "मला चर्चच्या पायऱ्या चढवत नाहीत, म्हणून हा पोरगाच माझ्या घरी येतो." एरवी मी लगेच सांगितलं असतं, माझा भाऊ आहे तो. या वेळी नुसती काच पुसत राहिले.

रविवारी उपासनेला आले नाही. मला सर्दी झालीय, असं वहिनीला सांगितलं. सर्दी नव्हती. तुझी भाची महिनाभर मैत्रिणीकडे राहतेय, तेही परीक्षेसाठी नाही.

गेल्या वर्षी आई गेली त्या आठवड्यात तुझ्या स्वयंपाकघरात बसून मी तुला ते सांगितलं. एकोणीस वर्षं कुणाजवळ बोलले नव्हते. नवरा निघून गेलेला, पोर सोळा दिवसांची, रडायची थांबेना. मी तिला हिरव्या शालीत गुंडाळून दवाखान्याच्या बाकावर ठेवलं आणि चालू लागले. मग परत गेले. सांगताना मला धाप लागली, तेव्हा तू मोबाइल पालथा ठेवलास, माझा हात धरलास. "ताई, हे प्रभूत आणि आपल्या दोघांत राहील." मी तुझ्यातल्या पाळकाला सांगितलं नव्हतं रे, भावाला सांगितलं होतं.

त्याचा तू दीड मिनिटाचा व्हिडिओ केलास. "ती आई परत फिरली, तसे तुम्हीही देवाकडे परत फिरा." दवाखान्याचा बाक, सोळा दिवस, हिरवी शाल, सगळं जसंच्या तसं.

व्हिडिओ आला त्या दिवशी फोनवर मी नुसतं "काढून टाक" म्हणाले. तू म्हणालास, "ताई, नाव कुठे घेतलंय? किती जणांना धीर आला, बघ तरी." मी फोन ठेवला. पुढचं तुला बोलले नाही, ते आज लिहिते.

ऐकू न येणाऱ्यांना वाचता यावं म्हणून तुझ्या व्हिडिओखालची अक्षरं कोण टाइप करतं? पाठवताना एकदाही तुझ्या मनात आलं नाही? ती शाल तुझ्या भाचीच्याच कपाटात आहे. तिने एकेक वाक्य ऐकलं, थांबवलं, टाइप केलं. काम पुरं करून तुला पाठवलं. मग माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"आई, ही मी आहे का?"

मला खोटं बोलता आलं नाही, आणि खरंही धड सांगता आलं नाही. त्याच दिवशी तिने बॅग भरली.

तुझ्या सांगण्यावरून मी बघितलं. हजारो बदाम आलेत. एका बाईने खाली लिहिलंय, मी आज माझ्या लेकराकडे परत जातेय. तिचं भलं होवो, मनापासून म्हणते. पण तिला घरी पाठवायला तू माझी लेक घराबाहेर काढलीस.

काल ती आली. चपला न काढता दारातच उभी राहिली. "किती वेळ गेली होतीस? मामा म्हणतो, पाच मिनिटं."

तुला मी पाचच मिनिटं सांगितली होती. तेवढीच सांगायची हिंमत झाली होती. काल तिला खरं सांगितलं. मी कुठवर गेले, तोवर तिला कुणी सांभाळलं, कशामुळे मागे वळले, सगळं. ती चिडली, रडली, मला पाणी आणून दिलं. जेवायला थांबली नाही. रविवारी येते म्हणाली.

व्हिडिओ आजच काढून टाक. आणि मी किती वेळ गेले होते, ते मला विचारू नकोस. तुला ताप आला तर मी धावत येईन. तब्येतपाणी कळवत जाईन. मनातलं मात्र आता तुझ्याजवळ बोलणार नाही.

अजूनही तुझ्यासाठी प्रार्थना करणारी,
तुझी ताई