भोपळ्यावरचा पहिला घाव

॥ श्री भैरवनाथ प्रसन्न ॥

कुरुळी, ता. १६ नोव्हेंबर १९५८

ती. सौ. कुसुमवन्सं यांस,
भावजय गवरा हिचा शि. सा. न. वि. वि.

भाऊबिजेला तुम्ही आलात नि दुसऱ्या दिवशी पिंपरीला परतलातसुद्धा. माणसांच्या गर्दीत दोन शब्द बोलायला आडोसा मिळाला नाही, म्हणून हे पत्र. तुमच्या भावाला तुमच्याकडं वेळेवर जेवण मिळतं, तेवढी मला काळजी नाही. दिवाळीला घरी आले ते निम्मा वेळ झोपलेच होते. कारखान्यात माणसं भरती करतात की कुंभकर्ण, देव जाणे.

भोपळे यंदा दृष्ट लागण्यासारखे आलेत. बांधावरचे गाडीभर चाकणच्या बाजारात गेले. गोठ्याच्या छपरावरचा एक मात्र त्रिपुरी पुनवेच्या भंडाऱ्यासाठी राखला आहे, तो माझ्या कवेत मावत नाही. तुमच्या पणजोबांनी हे बी पागोट्यात बांधून गावात आणलं, म्हणून भंडाऱ्याचा पहिला भोपळा आपल्या घरचा. घरच्या सुनेनं तो डोक्यावरून देवळात न्यायचा, घरच्या पुरुषानं पहिला घाव घालायचा, मग बाकी गावाचे भोपळे चिरायचे. हे तुम्हाला मी काय सांगायचं, तुमचंच माहेर.

पण यंदा तो मी न्यायचा नाही, असं सासूबाईंनी ठरवलं आहे. चुलत दीर कोंडाजीभावजींची बायको नेणार. तुमच्या भावाला रजा नाही, तेव्हा घावही कोंडाजीभावजीच घालणार.

आषाढात माझं पाचव्या महिन्यात पोटातलं गेलं, हे तुम्हाला ठाऊक आहेच. त्याच्या थोडे दिवस आधी पावसाची झड लागली होती. घरात भाजीचं पान नाही, पुरुषमाणूस नाही. माळ्यावरचा आख्खा भोपळा मीच विळीवर धरला. भोपळा म्हणजे थोरला लेक, बाईनं त्यावर पहिला घाव घालू नये, हे मला माहेरी शिकवलेलं होतं. पण सासूबाईंना कोरडी भाकरी कशी वाढू? आता आळीत बोलतात, गवरानं आपल्या हातानं लेक कापला. सासूबाई मात्र काहीच बोलत नाहीत, वन्सं. मी वाढते, त्या जेवतात आणि उठून जातात.

मानाचं मला काही नाही, तो कुणीही घ्यावा. तुम्ही बाहेरचं जग पाहिलंत म्हणून विचारते. खरं सांगा, माझ्याच हातानं झालं का हो ते? रात्री डोळा लागत नाही.

लहान तोंडी मोठा घास घेतला असेल तर पोटात घाला. लेकरांना पापा. माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नका.

आपली,
गवरा


पिंपरी, ता. २० नोव्हेंबर १९५८

तीर्थरूप आईस,
कुसुमचा शि. सा. नमस्कार.

हे पत्र गवरा तुला वाचून दाखवील, कारण घरात अक्षर तिलाच येतं. गवरे, एक शब्द गाळशील तर माझ्याशी गाठ आहे. आई थांब म्हणाली तरी थांबू नकोस.

आई, पिंपरीला बिऱ्हाड केल्यापासून भोपळा मीच फोडते. तुझ्या जावयांची, रंगरावांची, रात्रपाळी असली की दिवसभर घोरणं चालू. भोपळ्याला घाव घाला म्हणून त्यांना उठवू की काय? तुझी तिन्ही नातवंडं ठणठणीत आहेत. इतकी, की धाकट्यानं परवा शेजारची कौलं फोडली. तरीही माझं अडाणीपण नको म्हणून इथल्या दवाखान्यातल्या बाईंना मुद्दाम जाऊन विचारलं. त्या म्हणाल्या, पोटातलं जायला नाना कारणं असतात, विळी त्यात नाही. गवरे, हे तुझ्यासाठी. पुन्हा एकदा वाच.

गावाच्या तोंडाला झाकण नसतं, ते मला कळतं. पण तू गप्प बसलीस, आई. माझं असं झालं असतं आणि माझी सासू अशी गप्प बसली असती, तर तू काय केलं असतंस? गाडी जुंपून आली असतीस भांडायला. मग तुझ्याशी भांडायला गवराच्या बाजूनं कोण येणार? म्हणून मी आले.

तुझ्या लेकाला, मुरारीला, गावातलं हे बोलणं कुणी कळवलंच नव्हतं. मी सांगितलं तर भरल्या ताटावरून उठला आणि दारात जाऊन उभा राहिला. रजा दिवाळीतच संपली, नाहीतर तस्सा निघाला असता.

पुनवेला भोपळा गवराच्या डोक्यावर नसेल, तर मला माहेरचा घारगाही नको. रंगराव म्हणतात, सासूशी भांडण माझ्या नावावर मांडू नकोस. तर हे माझ्याच नावावर आहे.

रागावलीस तरी मला लेकीच्या जागेवरून उठवू नकोस.

तुझी,
कुसुम


कुरुळी, ता. २७ नोव्हेंबर १९५८

चि. सौ. कुसुमला,
ठकुबाईचा आशीर्वाद.

हात गवराचा, बोल माझं. मी बोलंन तसंच लिहायचं, असं तिला बजावलंय.

तुझं पत्र आलं. वाचता वाचता गवरा मधीच थांबली आन म्हनली, आता निस्ती लेकरांची खुशाली हाय. मी म्हनलं, खुशाली वाचताना कुनाचा आवाज कापतो व्हय? वाच मुकाट. समदं ऐकलं आन तुला लई शिव्या घातल्या. एवढी जीभ हिला कुनी दिली म्हनते मी. मीच दिली, दुसरं कोन देनार.

काल पुनव झाली. भैरोबाम्होरं भाजीच्या मोठाल्या काहिली चुलीवर चढल्या. घरोघरचं भोपळं पायरीवर मांडल्यालं. आपला गवरानंच नेला. कोंडाजीची बायको तोंड वाकडं करून बाजूला झाली. बाया कुजबुजाय लागल्या, मला बहिरी समजत्यात. कोंडाजी कोयता घिऊन आला, तवा मी म्हनलं, आन हिकडं. त्यो म्हनला, काकू, मुरारी एकुलता एक हाय तुमचा. मी म्हनलं, म्हनूनच. आन घातला घाव. एका घावात न्हाई फुटला, हात थकल्यात आता. कुनी आपला भोपळा म्होरं घेईना. मंग गुरवच म्हनला, चला, काहिली तापल्यात. तवा कुठं मानसं चिराय बसली.

आता नीट ऐक. तुझ्या आदी माझंबी एक गेलं व्हतं, सहाव्या महिन्यात. तुझ्या बापाबिगर कुनाला सांगितलं न्हाई. त्या साली मी भोपळ्याला बोटबी लावलं नव्हतं. सासरा व्हता, दीर व्हते, घाव त्येंनीच घातला. तरी गेलं. माझं काय चुकलं, ते जल्मभर हुडकत बसले. गवराचं ऐकलं तवा वाटलं, हिचं तरी कारन सापडलं. असं वाटलं बघ मला. मानूस किती वंगाळ असतं.

हे गवराला सांगायचं व्हतं. एका चुलीवर जेवून तोंडातनं निघंना. तुला लिहाय लावलं की तिला लिहावंच लागंल, म्हनून ह्यो कागद. गवरा, पोरी, तुझ्या हातानं काय बी झालं न्हाई. लिही. लिही म्हनलं की लिही. आदी डोळं फुस, शाई पसरतीया.

घारगं धाडल्यात, आता खा गुमान. जावयाला दे. आईवर राग धरशील तर धर, पन माहेरची वाट मोडू नको.

मुरारीची खुशाली उलट टपाली कळव. मी भीत न्हाई. पन कळव.

तुझी आई,
ठकुबाई