चाकातला पिवळा ठिपका

प्रिय आबा,

परवा वर्षश्राद्धाला तुमच्या फोटोपुढं नुसताच बसलो. आज तुमच्या मोटारसायकलचं पुढचं चाक खोललं आणि लिहायला बसलो. हाताचं ग्रीस कागदाला लागलंय, चालवून घ्या.

तुम्ही गाडीवरून पडल्यापासून ती गोठ्यामागं उभी होती. पाणी जाऊन बेअरिंग गंजली, चाक फिरवलं की जात्यासारखी घरघर. आई सारखी म्हणायची, "चालीव की रं ती, दत्ता." मी टाळत होतो. का, ते आता सांगतो.

तुम्ही पडायच्या आधीच्या दिवाळीत याच चाकाची बेअरिंग मी बदलली होती. तुम्ही रानात होता. नवं बेअरिंग आत जाईना, म्हणून त्याच्या मधल्या कड्यावर हातोडा हाणला. तुम्ही आलात, चाक फिरवून बघितलंत आणि "झ्याक बसलंय" म्हणालात. मी अभिमानानं फुगून साताऱ्याला कारखान्यात कामावर गेलो. दोन महिन्यांनी तुम्ही पडलात, खुबा मोडला, आणि पुन्हा चाललाच नाहीत.

तुम्ही खाटेवर असताना कारखान्यातला एक फिटर बोलता बोलता म्हणाला, ठोकायचं ते बाहेरच्या कड्यावर. मधल्यावर ठोकलं की नवं बेअरिंग गेलंच म्हणून समज. तेव्हापासून वाटत होतं, आबांना मीच पाडलं. म्हैस आडवी आली असं तुम्ही सांगायचा, ते मला खरं वाटायचं नाही. पोराला पाठीशी घालताय, असंच वाटायचं.

आज चाकाचं सील काढलं, तर आत बेअरिंगवर पिवळ्या रंगाचा ठिपका. पलटणीच्या वर्कशॉपातली तुमची सवय! स्वतः बसवलं, तपासलं, पटलं, की ठिपका. विहिरीवरच्या मोटरीपासून शिलाई मशीनपर्यंत घरातला एक नट त्यातून सुटला नाही. पण मी बसवलेल्या बेअरिंगवर तो कसा?

आईला विचारलं. भाकरी थापता थापता ती म्हणाली, "व्हय, तू एसटीत बसलास आन् दुसऱ्याच दिशी त्यांनी चाक खोललं. दुसरी आनून बसवली. मला म्हनले, त्येला सांगू नगंस. पैल्यांदाच हात घातलाय, हिरमुसंल."

मी तिथंच उंबऱ्यावर बसून रडलो.

सुटलो, पण तुमचा रागही आला, आबा. चार शिव्या घालून सांगितलं असतंत तर काय बिघडलं असतं? तसं मी तरी कुठं विचारलं? इतके महिने सुट्टीला येऊन उशाशी बसायचो आणि उसाच्या गोष्टी करायचो. तुम्ही मला जपलंत, मी तुम्हाला जपलं, आणि बोललं कुणीच नाही.

नवी बेअरिंग आज बसवली. जुनं बेअरिंग वर ठेवून, बाहेरच्या कड्यावर, हलक्या हातानं ठोकून. चाक बिनआवाजाचं फिरतंय.

उद्या आईला मागं बसवून वडूजच्या बाजाराला नेणार आहे. वाटेत घरघर ऐकू आली, तर चुकलं म्हणून तिला तिथंच सांगीन आणि घरी येऊन पुन्हा खोलीन. नाही आली, तर ॲक्सलच्या नटावर ठिपका लावीन. तुमच्या डब्यातला रंग वाळून गेलाय, नवा आणलाय. पिवळाच.

तुमचा,
दत्ता