माझे चार महिने, परक्याच्या घरी

२६ ऑक्टोबर

ठरलं. परदेश. आणि तोही ऑफ-सीझनमध्ये. धाकट्या भावासारखं नाही. तो म्हणजे नऊ दिवसांत सात देश, प्रत्येक दारासमोर दात काढून फोटो आणि परत आल्यावर आठवडाभर पोट बिघडलेलं. मेंढरं कुठली!

मी हाउस सिटिंग करणार. म्हणजे तिकडची माणसं बाहेरगावी जातात, आपण त्यांच्या बंगल्यात राजासारखं राहायचं आणि बदल्यात घर-कुत्रा बघायचा. समुद्रकाठचं गाव. कुत्रा 'ज्येष्ठ, प्रेमळ आणि शांत' आहे असं जाहिरातीत लिहिलंय. म्हणजे झोपलेलाच असणार. उत्तम.

अप्पा नोव्हेंबर ते फेब्रुवारी माझ्याकडे असतात हे खरं. तिघा भावंडांत चार-चार महिने वाटून घेतलेत. पण ऑफ-सीझन नोव्हेंबरातच लागतो, त्याला मी काय करू? जगाचं पर्यटन माझ्या घरच्या सोयीने चालत नाही.

२८ ऑक्टोबर

ताईला फोन. शांतपणे, मुद्देसूद समजावलं. अप्पा चौऱ्याऐंशीचे. उठता-बसता हात द्यावा लागतो आणि माझी कंबर ही अशी. दर चार तासांनी गोळ्या. पथ्याचं शिजवा. दोन तास घर सोडायची सोय नाही. माझ्यासारख्या सड्या माणसाला हे झेपणारं नाही. जुलैपासून तिच्याकडे आहेतच, तिथेच राहू देत. या वयात माणसाची जागा हलवू नये. त्यांच्याच भल्याचं सांगत होतो.

ताई म्हणाली, बारा जानेवारीला माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे, विसरलास का? मी म्हटलं, मी पाच तारखेला परत. शब्द म्हणजे शब्द. तिने फोन ठेवला. कामात असेल.

२ नोव्हेंबर, विमानात

संकल्प: रोज दहा किलोमीटर चालणे. तिकडची भाषा शिकणे. आसपासची सात गावं पाहणे. प्रवासावर पुस्तक लिहिणे. नावही सुचलं, 'गर्दीपलीकडचा प्रवासी'. कुकरच्या कारखान्यात तपासणी खात्यात तीस वर्षं लोकांच्या चुका काढल्या. आता जगाच्या काढू.

शेजारच्या सीटवर एक टूर ग्रुपवाला. गळ्यात ओळखपत्र, हातात डबा. कीव आली.

४ नोव्हेंबर

मालकीणबाईंनी घर दाखवलं. घर छान. सूचनांची यादी अकरा पानी.

कुत्रा चौदा वर्षांचा. मागचे पाय गेलेले. उठवून उभं करावं लागतं. किडनीचं पथ्य. दर चार तासांनी गोळी, तीही मऊ अन्नात लपवून, हाताने भरवून. दोन तासांच्या वर एकटा ठेवायचा नाही, रडतो. मी म्हटलं, बाई, हे जाहिरातीत नव्हतं. बाई म्हणाल्या, ज्येष्ठ लिहिलं होतं की. तोवर टॅक्सी आली. गेल्या.

त्याचं खरं नाव उच्चारताना ठसका लागतो. मी त्याला मॅनेजर म्हणतो. आमच्या कारखान्यातल्या साहेबांसारखाच आहे. दिवसभर झोप, उठवलं की गुरगुर.

९ नोव्हेंबर

गाव पाहिलं. पंचवीस मिनिटं लागली. म्युझियम बंद, मार्चमध्ये उघडेल. बेटावर जाणारी बोट बंद. दीपगृह बंद. कॅफेच्या खुर्च्या साखळीने बांधून ठेवल्यात, जणू मी त्या पळवणार होतो. समुद्र तेवढा चालू आहे, पण वाऱ्याने उभं राहू दिलं नाही.

हीच तर ऑफ-सीझनची मजा! गर्दी नाही. गर्दी काय, माणूसच नाही.

चालणे: चौदाशे पावलं. दहा किलोमीटर उद्यापासून.

१७ नोव्हेंबर, सकाळी ६

मॅनेजरने गालिच्यावर कार्यभाग उरकला. सलग चौथ्या दिवशी. धुतला. गालिचाही, मॅनेजरही.

शेजारी एक रिटायर्ड नर्स राहते. तोफेसारखा आवाज. मी कुत्र्याला उचलतोय ते खिडकीतून पाहून बाई तणतणत आत आली. म्हणे, असं उचललंत तर तो आधी मरेल की तुम्ही, सांगता येत नाही. पोटाखालून टॉवेल घालून उचलायचं शिकवलं. सोपं आहे. मला आधीच सुचलं असतं, पण तिने वेळ दिला नाही.

सात गावांपैकी पाहिलेली: शून्य. बस येऊन-जाऊन पाच तास घेते. दोन तासांच्या आत परत यायचं म्हणजे स्टॉपपर्यंत जाऊन तिला टाटा करायचा.

३० नोव्हेंबर

पुस्तकाची अर्पणपत्रिका लिहून झाली. 'माझ्या धाडसी स्वभावास.'

भाषा: तीन शब्द येतात. बस, नको, औषध.

८ डिसेंबर

घरच्या ग्रुपवर फोटो टाकला. मी टॉवेलने मॅनेजरला पायऱ्या उतरवतोय. मागे समुद्र. नर्सबाईने काढला, पण फ्रेमिंगची कल्पना माझी. खाली लिहिलं, 'सेवा हीच साधना.'

धाकट्याने विचारलं, दादा, वजन किती रे त्याचं? मी अभिमानाने कळवलं, अडतीस किलो. मग त्याने विचारलं, आणि कंबर? मी लिहिलं, अगदी ठणठणीत, इथली हवाच तशी आहे.

त्यावर ताईने नुसता अंगठा टाकला. जळतात.

१४ डिसेंबर

मॅनेजरला डॉक्टरकडे नेला. डॉक्टरने तपासला, म्हणाला, अंगावर एक जखम नाही, इतक्या म्हाताऱ्या कुत्र्याची एवढी निगा मी क्वचित बघतो. विचारलं, कुठे शिकलात? मी म्हटलं, घरी वृद्ध वडील आहेत. डॉक्टरने माझा हात हातात घेतला. म्हणाला, भाग्यवान आहेत ते.

मी काही खोटं बोललो नाही. घरी वृद्ध वडील आहेत.

घरी म्हणजे ताईच्या. पण ते त्याने विचारलं नाही.

२७ डिसेंबर

मालकीणबाईंचा फोन. अजून तीन आठवडे थांबाल का? एकदम नाही म्हणणार होतो. पण मॅनेजर आता फक्त माझ्या हातून खातो. नर्सबाईने भरवलं तर तोंड फिरवतो. मी खोलीबाहेर गेलो की मान वर करून दाराकडे बघत राहतो. या अवस्थेत त्याला परक्याच्या हवाली करणं माणुसकीत बसत नाही.

थांबतो म्हणालो.

२८ डिसेंबर

ताईला फोन करून कळवलं. म्हटलं, ऑपरेशन महिनाभर पुढे ढकल. गुडघा काय पळून जातोय? डॉक्टरही तिथेच आहेत. इथे एक जीव माझ्यावर अवलंबून आहे.

  ताई म्हणाली, अप्पांशी बोलतोस? मी म्हटलं, नंतर बोलतो, आत्ता याच्या गोळीची वेळ झालीय. खरंच झाली होती.

ताई बरं म्हणाली. तिला पटलं असावं.

१२ जानेवारी

मॅनेजर आज स्वतःहून चार पावलं चालला. माझ्या दिशेने! नर्सबाईने टाळ्या वाजवल्या. ग्रुपवर व्हिडिओ टाकला. कुणी पाहिलासुद्धा नाही. आज सगळे कुठे उलथलेत कोण जाणे.

पुस्तक मॅनेजरवरच लिहावं का?

२४ जानेवारी

मालकीणबाई आल्या. गाडीचा आवाज आला मात्र, मॅनेजर उठला. टॉवेल नाही, काही नाही. घसरत, धडपडत, शेपूट हलवत दारापर्यंत गेला. बाईंच्या कुशीत तोंड खुपसून कुईकुई करत राहिला. मी बॅग घेऊन बाजूने गेलो तर वळूनही पाहिलं नाही. ऐंशी दिवस हाताने भरवलं. कुत्रं ते कुत्रंच.

टॅक्सीत रडू आलं. खिडकी उघडी होती, वारा लागला असेल.

२७ जानेवारी

घरी. मालकीणबाईंचा रिव्ह्यू आला. पाच तारे! 'इतका प्रेमळ माणूस आम्ही पाहिला नाही. स्वतःची सहल सोडून यांनी आमच्या म्हाताऱ्या जिवाला एक क्षणही एकटं ठेवलं नाही.'

ग्रुपवर टाकला. दोन निळ्या खुणा. बस.

विचार केला. अप्पांना आता मीच ठेवणार. फेब्रुवारीपुरतं नाही, कायमचं. या घरात माझ्याइतका अनुभव कुणाला आहे? ताईही सुटेल. तिच्या ऑपरेशनची तारीख आता मीच ठरवून देतो. बाथरूममध्ये धरायला दांडी बसवून घेतली. न घसरणारी चटई आणली. पुढची खोली लावली. खिडकीशी पलंग, म्हणजे त्यांना रस्ता दिसेल. मला हे सगळं करताना फार बरं वाटलं, हे इथे नोंदवून ठेवतो.

४ फेब्रुवारी

अप्पांना आणायला ताईकडे गेलो. न कळवता. म्हटलं, सरप्राइज.

दार धाकट्याने उघडलं. तो दहा जानेवारीपासून रजा घेऊन तिथेच आहे. ताई पलंगावर, गुडघ्याला पट्टा. ऑपरेशन बारालाच झालं. मला कुणी कळवलं नाही. म्हटलं, अरे, कळवायचं तरी. धाकटा म्हणाला, तू कामात होतास दादा.

अप्पा पलंगाशेजारी खुर्चीत बसून ताईचे व्यायाम मोजत होते. सात झाले की थांबायचे, आठ म्हणायला विसरायचे, मग ताईच आठ म्हणायची आणि दोघं हसायची. खूप वाळलेत अप्पा. मी कधी एवढं नीट पाहिलंच नव्हतं.

मी सांगितलं, खोली लावलीय, दांडी बसवलीय, गाडी खाली उभी आहे, चला. ताईने अप्पांकडे पाहिलं. अप्पा म्हणाले, नको रे, मी इथे बरा आहे. मी म्हटलं, अप्पा, मला आता सगळं जमतं. उचलायला, भरवायला, सगळं. अप्पा म्हणाले, हो, फोटो दाखवला होता हिने. छान करतोस.

रागाने म्हणाले असते तर भांडलो असतो. रागाने म्हणाले नाहीत.

धाकट्याने चहा केला. मला पाहुण्यांच्या कपातून दिला, बशीसकट. इकडचं तिकडचं बोलणं झालं. तिकडे थंडी होती का वगैरे. मी निघालो तसे अप्पा उठले. मी हात द्यायला पुढे झालो, पण तोवर त्यांनी भिंत धरली होती. तसेच भिंतीभिंतीने दारापर्यंत सोडायला आले.

मी म्हटलं, अप्पा, मी आता कुठे जाणार नाहीये. उद्या परत येतो. ते म्हणाले, आलास, बरं वाटलं. पण येताना फोन करून येत जा.

हो म्हणालो.